करकंबच्या पंचक्रोशीतील अन्न, श्रम आणि तालीम

सोलापूर जिल्ह्याच्या पंढरपूर तालुक्यात, भीमेच्या डाव्या अंगाला आणि पंढरपूरच्या उत्तरेस वीस-पंचवीस किलोमीटरांवर वसलेले करकंब हे आज उसाच्या आणि द्राक्षबागांच्या पट्ट्यातील एक मोठे बाजाराचे गाव आहे. या हिरवाईचे वय मात्र अर्ध्या शतकाहून फारसे अधिक नाही. त्याआधीची अनेक शतके हा मुलूख कोरडवाहू होता. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा आणि तोही लहरीने पडणारा पाऊस, ओल धरून ठेवणारी काळी जमीन आणि त्या ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी, एवढ्या भांडवलावर येथील माणसांची शरीरे घडत आली. व्यायाम आणि सकस आहार यांचा विचार आज बहुधा वैयक्तिक निवडीच्या भाषेत केला जातो. प्रत्येकाने आपल्या मनाला शिस्त लावावी आणि आपल्यापुरते आरोग्य कमवावे, अशी त्यामागची धारणा असते. करकंबच्या पंचक्रोशीचा इतिहास या धारणेला फारसा दुजोरा देत नाही. येथे शरीर सुदृढ ठेवण्याच्या ज्या रीती टिकल्या त्या सामायिक व्यवस्थांच्या आधाराने टिकल्या, आणि त्या व्यवस्था जेव्हा ढासळल्या तेव्हा कोणाच्याही वैयक्तिक निग्रहाने आरोग्य सावरले गेले नाही.

या व्यवस्थांपैकी सर्वांत जुनी म्हणजे ज्वारीची. उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या पावसावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली ज्वारी, जिला या भागात शाळू असेही म्हणतात, पुढचे चार-साडेचार महिने जवळजवळ केवळ जमिनीतील ओल आणि पहाटेचे दव यांवर वाढते आणि फेब्रुवारीत काढणीला येते. मालदांडी, दगडी, गुळभेंडी असे तिचे अनेक स्थानिक वाण होते व त्यांची कामेही वेगवेगळी ठरलेली होती. गुळभेंडी हुरड्याला, म्हणजे कणसातले कोवळे दाणे आगटीत भाजून खाण्याला, आणि मालदांडी भाकरीला. मोहोळ येथील कृषी संशोधन केंद्रात या स्थानिक मालदांडीतून निवड करून सिद्ध झालेला ‘मालदांडी 35-1’ हा वाण पुढे दख्खनच्या रब्बी पट्ट्यात सर्वदूर पसरला. त्याच काळात, म्हणजे 1933 च्या सुमारास, सोलापूर येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले, आणि बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी यांच्या साहाय्याने थोडक्या पावसात अधिक धान्य कसे काढावे याचा पद्धतशीर अभ्यास तेथे झाला. अन्नाच्या इतिहासात अशा केंद्रांना क्वचितच जागा मिळते, कारण पाककृतींच्या पुस्तकांत बांधांचा उल्लेख नसतो. परंतु भाकरीचा प्रश्न तव्यापाशी सुटण्याआधी शेतातल्या ओलीपाशी सुटावा लागतो.

पिकलेले धान्य टिकवणे ही दुसरी पायरी होती. जमिनीत खोल खणलेल्या, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद अशा खड्ड्याला पेव म्हणतात. पेवाचा तळ व भिंती कडबा किंवा पाचटाने मढवून त्यात ज्वारी ओतली जाई, वर पुन्हा कडबा अंथरून मातीने तोंड बंद केले जाई, आणि एकदा बंद झालेले पेव सहसा गरजेच्या वेळीच उघडले जाई. उघडल्यावर आत साचलेली दूषित हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे, कारण घाई करणाऱ्याचा जीव गुदमरून जाण्याचा धोका असे. पेवाची मालकी पाटील, सावकार व मोठ्या शेतकऱ्यांकडे असे ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. बलुतेदारांना बलुत्याच्या रूपाने आणि शेतमजुरांना खळ्यावरच्या वाट्याच्या रूपाने धान्य मिळे, ते सुगीपुरते पुरे. उन्हाळ्याच्या अखेरीस पेवाच्या मालकाकडे सवाई-दिढीने, म्हणजे घेतलेल्याच्या सव्वापट वा दीडपट परत करण्याच्या बोलीवर, धान्य मागावे लागे. आषाढातल्या भाकरीचा आकार अशा रीतीने माघातल्या हिशेबावर ठरत असे.

ज्वारीच्या भाकरीभोवती जे अन्न जमले होते ते आजच्या आहारशास्त्राच्या कसोटीवर चांगलेच उतरते. ज्वारीत सुमारे दहा टक्के प्रथिने असतात, तंतुमय भाग भरपूर असतो, आणि भाकरी सावकाश पचत असल्याने भूक लवकर लागत नाही. तूर, मूग, मटकी, हुलगा अशा कडधान्यांची जोड मिळाली की धान्यातील प्रथिनांची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. हुलग्याचे माडगे, म्हणजे हुलगे भाजून दळलेल्या पिठाची लसूण-मीठ घालून केलेली पातळ पेज, हे थंडीतले आणि आजारातून उठलेल्या माणसाचे अन्न होते. ज्वारीच्या पिठाची आंबील उन्हाळ्याची होती. ज्वारीच्या शेतात ओळीने किंवा कडेने करडई पेरली जाई, जिच्या काटेरी पानांमुळे गुरे पिकात शिरत नसत; तिचा कोवळा पाला भाजीला आणि बी तेलाला उपयोगी पडे. तांदुळजा, पाथरी, चाकवत, घोळ, अंबाडी या पालेभाज्यांपैकी निम्म्या तरी कोणी मुद्दाम लावत नसे. खुरपणीला गेलेल्या बाया त्या ओटीतून घरी आणत, आणि दिवसाच्या कष्टाबरोबर दिवसाची भाजीही मिळून जाई. ज्या शेंगदाण्याच्या चटणीने सोलापूरचे नाव सर्वत्र नेले आहे तिच्याकडे मात्र फार प्राचीन म्हणून पाहण्याचे कारण नाही, कारण तिच्यातील शेंगदाणा आणि मिरची ही दोन्ही पिके अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच भारतात आली. परंपरागत आहाराची स्तुती करताना त्यातले किती केव्हा आले याचे भान सुटू नये, एवढ्यासाठीच हा उल्लेख.

करकंबपासून फार दूर नसलेल्या, माढा तालुक्यातील अरण या गावाने भाजीच्या मळ्याला धर्माच्या इतिहासात स्थान मिळवून दिले आहे. तेराव्या शतकातील संत सावता माळी हे अरणचे. पंढरपूर इतके जवळ असूनही त्यांनी मळ्यातील कामालाच उपासना मानले आणि पिकणाऱ्या भाजीत देव पाहिला, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे; आषाढात त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त विठ्ठलाची पालखी पंढरपूरहून अरणला जाते, ही देवाने भक्ताकडे जाण्याची उलटी वारी त्या श्रद्धेचीच खूण होय. अंगमेहनत ही हलक्या प्रतीची गोष्ट मानणाऱ्या समाजात मोटेचे पाणी देणे, वाफे खुरपणे, भाजी खुडणे यांना पूजेइतकी प्रतिष्ठा मिळाली, हे सामाजिक दृष्ट्या लहानसहान घडलेले नाही.

अन्न आणि श्रम यांचे नाते किती कठोर असू शकते याचा अनुभव या जिल्ह्याने 1876-77 च्या दुष्काळात घेतला. पाऊस बुडाला, ज्वारी पेरलीच गेली नाही किंवा करपली, आणि मुंबई सरकारने रस्ते व तलाव यांची दुष्काळी कामे काढली. सोलापूर हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. जानेवारी 1877 मध्ये व्हाइसरॉय लिटन याचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल याने मजुरीत काटछाट करण्यासाठी असा सिद्धान्त मांडला की काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम, आणि वर थोडी रोख रक्कम एवढे पुरेसे आहे. एक पौंड ज्वारीतून साधारण पंधराशे ते सोळाशे उष्मांक मिळतात. उष्मांक म्हणजे अन्नातून शरीराला मिळणाऱ्या शक्तीचे माप. खडी फोडणाऱ्या किंवा मातीच्या पाट्या वाहणाऱ्या प्रौढ पुरुषाला आजच्या हिशेबाने तीन हजारांहून अधिक उष्मांक लागतात. त्याखेरीज कामे मुद्दाम दूर ठेवण्याचे धोरण होते, म्हणजे खरोखर गरजू असेल तोच तेवढे चालून येईल. चालणे, खोदणे, वाहणे हे सगळे शरीराला उपकारक मानले जाणारे श्रम येथे होते. अन्न तेवढे नव्हते, आणि त्या एका कमतरतेपायी तेच श्रम जीवघेणे ठरले.

याविरुद्ध हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. 1870 मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने, जिच्या कामात गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका अग्रभागी होते, दुष्काळी जिल्ह्यांतून वृत्तांत मागवून ते सरकारपुढे मांडले. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एक पौंडाचा शिधा शरीरशास्त्राच्या दृष्टीने अपुरा असल्याचे टेंपलला लेखी बजावले, आणि काही महिन्यांतच मद्रास सरकारला तो वाढवावा लागला. टेंपल स्वतः मात्र त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला. श्रमणाऱ्या शरीराला किती अन्न हवे हा प्रश्न भारतात जाहीर वादाचा विषय झाला तो या दुष्काळात, आणि त्याचे पहिले उत्तर कोणा पंडिताने नव्हे, काम टाकून उठलेल्या माणसांनी दिले.

व्यायामाचा इतिहास याहून निराळ्या वाटेने जातो, कारण व्यायाम म्हणजे उदरनिर्वाहासाठी नसलेले, बुद्धिपुरस्सर केलेले श्रम, आणि असे श्रम करायला पोटात शिल्लक अन्न असावे लागते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने 1129-30 च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे. भीमाकाठचा हा प्रदेश तेव्हा चालुक्यांच्याच सत्तेखाली होता. त्या प्रकरणात मल्लांचे वय व बळ यांनुसार वर्ग सांगितले असून त्यांना कडधान्ये, मांस, दूध-दही आणि मिष्टान्ने राजाच्या कोठारातून द्यावीत असे म्हटले आहे. व्यायामाचे प्रकारही नावानिशी येतात: वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यात करावयाचा सलिलश्रम, भुजांचा बाहुपेल्लणक श्रम आणि खांबावर चढण्या-उतरण्याचा स्तंभश्रम, जो आजच्या मल्लखांबाचा पूर्वज मानला जातो. चालण्याला येथे व्यायामाचा दर्जा आहे, हे पुढे वारीकडे वळताना लक्षात ठेवण्याजोगे आहे.

राजाश्रयाने पोसलेली ही मल्लविद्या पुढे गावागावांत तालमीच्या रूपाने उतरली. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मारुतीच्या उपासनेला बलोपासनेची जोड दिली, उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले, आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीची राजधानी बनवले. 1912 चे खासबाग मैदान ही त्याची साक्ष. पंढरपूर-माढा-माळशिरस या टापूतल्या तालमींना यांपैकी कोणाच्याही खजिन्यातून थेट पैसा येत नव्हता. गावची तालीम ही बहुधा मारुतीच्या देवळाशेजारची एक ठेंगणी, जाड भिंतींची, झरोक्यावाटे तेवढाच उजेड घेणारी खोली असे, आणि तिचा खर्च गाव चालवी.

त्या खोलीतला हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा खड्डा, तयार करणे हे वर्षभराचे काम होते. तांबडी माती चाळून खडे काढले जात, तीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद आणि काव मिसळली जाई, आणि मऊसूत झालेली माती रोज फावड्याने उकरून वरखाली केली जाई. नव्या पोरांचा पहिला व्यायाम बहुधा हाच, कारण वस्ताद म्हणजे तालमीतला गुरू त्यांच्या हाती आधी फावडे देई आणि मग लंगोट बांधू देई. हळदीने व ताकाने मातीला थंडावा येतो, खरचटलेले पिकत नाही आणि घाम टिपला जातो असा अनुभव होता. त्यानंतर जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल, करेला अशी मेहनत आणि शेवटी लढत. यात्रेच्या दिवशी गावाच्या फडावर हलगीच्या ठेक्यात नारळावरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होई आणि अखेरची जोड इनामाची असे. तालमीला जाणाऱ्या पोराने दारू-तंबाखूला शिवू नये, वस्तादाच्या शब्दाबाहेर जाऊ नये, गावात आग लागली किंवा विहिरीत कोणी पडले तर सर्वांआधी धावावे, ही अपेक्षा अलिखित असली तरी पक्की होती. व्यायामाचा सामाजिक लाभ असे ज्याला म्हणतात तो यापेक्षा स्पष्ट रूपात क्वचितच दिसेल.

तरीही तालमीचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. हिंदू आणि मुसलमान एका मातीत लढत व एका वस्तादाला नमस्कार करत, ही सोलापूर जिल्ह्याची जुनी रीत आहे. दक्षिण सोलापूरमधील बोरामणीच्या एकाच शेख कुटुंबाने इस्माईल (1980), आप्पालाल (1992) आणि मुन्नालाल (2002) असे तीन महाराष्ट्र केसरी दिले, हे तिचे ठळक फळ. परंतु गावकुसाबाहेरच्या मुलांना बहुतेक ठिकाणी त्याच मातीत उतरता येत नसे. खुराकाचा प्रश्न तर उघडच जातीचा आणि जमिनीचा होता. दोन वेळची मेहनत झेपायला दूध, तूप, बदामाची थंडाई, शाकाहारी नसल्यास अंडी-मटण असा खुराक लागे, आणि दावणीला म्हैस नसलेल्या घरातला पोरगा कितीही अंगापिंडाचा असला तरी गावाने किंवा एखाद्या शौकिनाने दुधाचा रतीब लावून दिल्याखेरीज पुढे जाऊ शकत नसे. स्वातंत्र्यानंतर ही जागा मोठ्या प्रमाणात सहकारी साखर कारखान्यांनी घेतली, ज्यांनी पैलवानांना मानधन व खुराकाची तरतूद दिली.

बायकांना तर तालीम नव्हतीच. पहाटे जात्यावर दोन वेळच्या भाकरीचे दळण, मग आडावरचे पाणी, मग शेतातली खुरपणी आणि संध्याकाळी पुन्हा चूल, या श्रमांना कोणी व्यायाम म्हटले नाही आणि त्यासाठी कोणी खुराकही लावला नाही. घरात सर्वांत शेवटी आणि उरलेले खाणारी व्यक्ती बहुधा सर्वांत अधिक राबणारी असे. पिठाची गिरणी आली तेव्हा तिच्यामुळे अंग आळसावेल अशी कुरकुर झाली, ती करणाऱ्यांत जाते ओढणाऱ्या किती होत्या हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. नागपंचमीचा झोका, झिम्मा, फुगडी, पिंगा हे मात्र खरोखरचे व्यायाम होते, श्वास फुलवणारे आणि स्वतःसाठी केलेले, आणि वर्षातल्या थोड्या दिवसांपुरते का होईना ते लेकी-सुनांना एकत्र आणत.

साधने, हौदा किंवा जोडीदार यांच्याविना करता येईल असा व्यायाम लोकप्रिय करण्याचा मोठा प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेजारच्याच औंध संस्थानाने केला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868-1951) यांच्या राज्यात सांगोल्याला लागून असलेला आटपाडीचा भाग येत असे, म्हणून त्यांची चळवळ सोलापूरच्या सीमेपर्यंत पोचलेली होती. ते स्वतः नित्य सूर्यनमस्कार घालत, संस्थानातील शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले, मुलींनाही त्यांतून वगळले नाही, आणि त्यावर मराठीत व इंग्रजीत पुस्तके प्रसिद्ध केली. नमस्कारांबरोबर साध्या, कमी शिजवलेल्या अन्नाचाही ते आग्रह धरत. संस्थानिकाची हुकमत हा या यशाचा आधार होता ही त्याची मर्यादाही खरी. संस्थान विलीन झाल्यावर नमस्कार शाळेच्या कवायतीच्या तासात उरले.

या सर्वांहून अधिक माणसांना, अधिक सातत्याने आणि जातपात-वयाची तुलनेने कमी अडवणूक करून चालायला लावले ते वारीने, आणि करकंबचे या इतिहासातील विशेष स्थान तिच्यामुळेच आहे. आळंदी व देहूहून निघणाऱ्या पालख्या माळशिरस-अकलूजच्या बाजूने वाखरीला येतात. उत्तरेकडून येणाऱ्या दोन मोठ्या पालख्या मात्र करकंबला मुक्काम करतात. एक पैठणहून निघणारी संत एकनाथांची, जी परांडा, कुर्डू, अरण या मार्गाने येते, आणि दुसरी त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची, जी नगर, कर्जत, जेऊर, कंदर असे चारशेहून अधिक किलोमीटरांचे अंतर तोडून येते. आषाढ शुद्ध पक्षात काही दिवसांच्या आत दोन्हींचा ओघ गावात उतरतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते; करकंबच्या वाटेवरचा वारकरी तेवढे बहुधा दुपारच्या विसाव्याआधीच चाललेला असतो, आणि त्यात साठी-सत्तरीच्या माणसांची संख्या मोठी असते.

ही वाटचाल शक्य होते ती दिंडीमुळे. दिंडी म्हणजे वीणेकरी, टाळकरी, मृदंगवादक आणि इतर वारकऱ्यांचा ठरलेल्या क्रमाने चालणारा गट, ज्याची चाल टाळाच्या ठेक्यावर बांधलेली असते, त्यामुळे थकलेल्याचे पाऊलही इतरांबरोबर पडत राहते. जेवणाची तजवीज भिशीतून होते. भिशी म्हणजे दिंडीतील प्रत्येकाने आरंभी द्यावयाची वर्गणी, जिच्यावर पुढे जाऊन चूल मांडणारी मंडळी सर्वांचा स्वयंपाक करतात. पूर्वी हे सामान बैलगाड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून जाई, आता ट्रकमधून जाते. मुक्कामाच्या गावात घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात, त्या टोपल्यांत गोळा होऊन पिठले, आमटी किंवा ठेच्याबरोबर पंगतीत वाढल्या जातात. ज्या घरात एरवी पाच-सात भाकऱ्या होतात तेथे त्या दिवशी पायली-दोन पायली पीठ संपते. वाटेवरच्या विसाव्याला फुगड्या, हुतूतू, पावल्या असे खेळ होतात, ज्यांत सासू-सून, वकील-शेतमजूर एकमेकांचे हात धरतात. माळ घालणे म्हणजे मद्य-मांस सोडणे, एकादशीला उपास करणे आणि वर्षातून किमान एकदा चालत पंढरी गाठणे, हा आचार व्यक्तीच्या गळ्यात पडतो, पण तो पाळला जातो गटाच्या नजरेखाली. एकादशीच्या उपासाची मूळ मिताहाराची कल्पना साबुदाण्याच्या तुपाळ खिचडीने बरीच पातळ केली आहे, हे त्याच नजरेतून सुटलेले दिसते.

वारीचे आरोग्यदायी रूप रंगवताना तिचा दुसरा चेहराही नोंदवायला हवा. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रांतून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ वारंवार पसरली. भरल्या भीमेत होडीची वाट पाहत वाळवंटात दाटलेली गर्दी आणि दूषित पाणी यांपुढे चालण्याने कमावलेली ताकद काही उपयोगाची नव्हती, आणि स्वच्छ पाणी, लसीकरण व संडास यांची सार्वजनिक व्यवस्था झाल्यावरच हे मरण आटोक्यात आले. एकत्र चालणे आणि एकत्र जेवणे यांतही अंतर होते. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा वारकरी वेगवेगळ्या पंगतींत जेवताना पाहिल्याची व्यथा नोंदवली आहे, आणि ज्या विठ्ठलासाठी चोखामेळ्यापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या त्याच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडले ते साने गुरुजींच्या मे 1947 मधील उपोषणानंतर.

1972 च्या दुष्काळाने अन्न-श्रमाचा जुना प्रश्न पुन्हा उभा केला, पण उत्तर निराळे मिळाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली, पाझर तलाव, रस्ते आणि बांध यांवर लाखो माणसे खडी फोडू लागली, आणि कामावर सुकडी, म्हणजे भाजलेले पीठ व गूळ यांचे कोरडे सकस मिश्रण, वाटली गेली. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी शिधावाटप दुकानांतून मिळाली. तिची भाकरी थापताना चिरते आणि चवीला उतरत नाही अशी तक्रार त्या पिढीतल्या कोणाही बाईकडून आजही ऐकायला मिळते. तरीही 1877 च्या तुलनेत फरक जमीन-अस्मानाचा होता: माणसे हाडकुळी झाली, पण 1877 सारखी रस्त्याच्या कडेला मरून पडली नाहीत.

त्यानंतर आठ वर्षांनी, 1980 मध्ये, उजनीचे धरण पूर्ण झाले. कालव्याने पाणी आले, ऊस आला, द्राक्षे आणि बेदाणा आला, आणि ज्वारीचे शेत हळूहळू मागे सरकले. शिधावाटपात गहू आणि तांदूळ स्वस्त झाल्याने चपाती, जी पूर्वी सणाची होती, ती रोजची झाली. मोटरसायकल, ट्रॅक्टर आणि पाण्याचा नळ यांनी अंगावरचे ओझे उतरवले, ही निःसंशय सुटका होती. परंतु ताटातला गोडवा आणि तेल वाढत असताना अंगाची हालचाल घटली, आणि मधुमेह व रक्तदाब, जे एके काळी शहरी सावकारांचे रोग समजले जात, ते खेड्यातल्या दवाखान्यांचे नेहमीचे काम बनले. पैलवान अजून घडतात, मात्र ते मॅटवर सराव करण्यासाठी कोल्हापूर-पुण्याच्या केंद्रांत जातात, आणि गावातली तालीम अनेक ठिकाणी गणेशोत्सवाच्या साहित्याची कोठी झाली आहे.

ज्वारीला मात्र दूरवरून नवे मोल आले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाने तीच ज्वारी विकता येईल असा कायदेशीर हक्क. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले, आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत शाळूचे पीठ गव्हाच्या पिठाहून महाग झाले. दरम्यान 1995 मध्ये सुरू झालेल्या शालेय पोषण आहार योजनेने देशभरच्या शाळांत धान्य पोचवले होते, आणि पुढे शिजवलेले जेवण सुरू झाल्यावर ज्वारीच्या या पट्ट्यातल्या शाळांतही मुलांच्या ताटात खिचडी पडू लागली. पोरांना ती आवडते, भूक भागते, आणि सगळ्या जातींची मुले एका ओळीत बसून जेवतात, जे पेवांच्या आणि पंगतींच्या काळात घडत नव्हते. ज्वारी तेवढी त्या ताटात सहसा नसते.